पाठ समुद्राकडे

बुलढाण्याच्या माणसाला समुद्राचा नाद लागावा, हे जरा विपरीतच आहे. आमच्या गावाला रेल्वेचे स्टेशनदेखील नाही, तर बंदर कोठून असणार? आगगाडी पाहायची झाली तरी राजूर घाट उतरून मलकापुरास जावे लागते. आणि समुद्र पाहायचा तर त्या आगगाडीत रात्र काढावी लागते. रस्त्याने मुंबई आमच्यापासून ४०० किलोमीटरांच्या पुढे आहे. लहानपणी आम्हां पोरांना ‘होडी’ म्हणजे काय ते वहीच्या कागदाने शिकवले, आणि तीही पावसाळ्यात नालीवर फार तर पाच मिनिटे टिके.

तरी पण समुद्रावर आमचा काहीच हक्क नाही असे कोणी म्हणू नये. ज्या राजाने मराठ्यांचे आरमार उभारले त्याची आई आमच्या जिल्ह्यातली. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा, हे वाचकांना ठाऊक आहेच. दुसरा पुरावा पाण्याचा. आमचा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभंगलेला आहे. घाटावर पडलेला पाऊस पैनगंगेत जातो. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचते. घाटाखाली पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या वाटेने पूर्णेत येतो, पूर्णा चांगदेवापाशी तापीला मिळते, आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर एकाच सरीचे दोन थेंब शेजारी शेजारी पडतात, आणि एक पूर्वेच्या दर्यावर निघतो, दुसरा पश्चिमेच्या! दोन समुद्रांना पाणी पुरवणारा जिल्हा कोरडा कसा म्हणावा? शिवाय खारे पाणीच हवे असेल तर आमचे लोणार आहेच. मात्र त्या सरोवरात मासा नाही, आणि मासा नाही म्हणून होडीही नाही.

ही सगळी वकिली मी माझ्या सौभाग्यवतीपुढे कितीदा तरी केली आहे. ती ऐकून घेते आणि विचारते, “अहो, पण तिकिटाचे पैसे पैनगंगा देणार आहे का?”

मी शाळामास्तर. मास्तरला पैसा नसला तरी सुट्टी असते. माझी थोरली बहीण लग्न होऊन दापोलीला गेली. मेव्हणे तिथल्या कृषी विद्यापीठात नोकरीला होते. १९८३ सालच्या दिवाळीत तिने भाऊबीजेला बोलावले आणि मी मलकापूरहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून पनवेल आणि मग एसटीने महाड, पोलादपूर, कशेडीचा घाट असा हाडे खिळखिळी करीत दापोलीस पोचलो. निघताना मामांनी आपला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला होता. आगफाचा ‘क्लिक थ्री’. त्या काळी अनेक मध्यमवर्गीय घरांत हा काळा डबा असे. १२० नंबरचा रोल घालायचा आणि बारा चौकोनी फोटो मिळवायचे. उन्हासाठी सूर्याची खूण, आभाळ असेल तर ढगाची. याहून अधिक बुद्धी चालवायला त्यात जागाच नव्हती. मामांनी एकच सूचना दिली होती : “बाराच आहेत, लक्षात ठेव.” आजच्या मुलांना या बारांचे महत्त्व पटायचे नाही. ती न्याहारी होईतो पन्नास फोटो काढतात. पण बाराच गोळ्या असलेला शिकारी जसा चालतो, तसे माणूस बारा फोटो घेऊन चालतो. बघतो फार, खटका थोडा दाबतो.

दापोलीपासून पंधरासोळा किलोमीटरांवर हर्णै आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. आंग्र्यांच्या आरमाराचे हे एक मोठे ठाणे; १७५५ साली कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्यात पेशव्यांचा इंग्रजांना हात होता, हे आठवून मराठी माणसाने तेथे एक सुस्कारा टाकायचा असतो. मीही टाकला. मग किल्ल्याकडे पाहायचे विसरून गेलो, कारण किनाऱ्यावर लिलाव सुरू होण्याची वेळ झाली होती.

तो देखावा मी आयुष्यात विसरणार नाही. काठाशी पाणी उथळ; मासळीने भरलेली मोठी होडी थेट वाळूला लागू शकत नव्हती. होड्या आत नांगर टाकून उभ्या. काही इंजिनाच्या, थोड्या शिडाच्या. आणि त्यांच्याकडे, भर समुद्रातून, बैलगाड्या चालल्या होत्या! मी डोळे चोळले. बैलगाडी ही आमची वस्तू. खामगावच्या बाजारात कापसाने लादलेल्या गाड्यांच्या रांगा पाहत मी मोठा झालो. पण इथे चाके तुंब्यापर्यंत बुडालेली, बैलांच्या पोटाला लाट लागते आहे, आणि गाडीवान धुऱ्यावर उभा राहून त्यांना खाऱ्या पाण्यात हाकतो आहे. लाट आली की बैल आपण होऊन थांबत, ती गेली की चालू लागत. मी एका गाडीवानाला विचारले, “बैल बिचकत नाहीत?” तो म्हणाला, “पयल्या वर्साला बिचकतात. मग त्यांना भरती तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळते.”

काठावर बायकांची ही गर्दी. टोपल्या, बर्फ, मोठमोठ्याने बोलणे, आणि लिलाव पुकारणाऱ्याचा तो न थांबणारा सूर. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी यांचे वाटे वाळूवर पडत आणि मी नाव विचारीपर्यंत विकलेही जात. मी कॅमेरा डोळ्याला लावला तशी एक बाई टोपलीवर हात ठेवून म्हणाली, “मास्तर, आधी सौदा होऊ द्या. तुमचं यंत्र बघून गिऱ्हाइकाला वाटेल, शहरात छापून येनार म्हंजे माल म्हागाचा!” मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखले, देव जाणे. बहुधा चपला हातात धरून वाळूत चालण्याच्या ढबीवरून.

सूर्य कलला, समुद्र सोन्याचा झाला, आणि मी बारातले नऊ फोटो परतणाऱ्या होड्यांचे घेतले. नाळेवर उभा असलेला खलाशी, हातात दोर. वल्ह्याला रेटा देणारे दोघे. डोक्यावर टोपली घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येणारा पोरगा.

परत आल्यावर गावातल्या स्टुडिओवाल्याकडे रोल धुवायला दिला. फोटो हातात आले तेव्हा पाणी चांदीसारखे चमकत होते, शिडाचा त्रिकोण कापून काढल्यासारखा रेखीव होता, आणि माणसे सगळी काळी! नाक नाही, डोळे नाहीत, नुसत्या सावल्या. स्टुडिओवाला जुना, समजूतदार माणूस. म्हणाला, “मास्तर, कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. संध्याकाळी सूर्य समुद्रात असतो. जो समुद्रातून येतो तो सूर्याला पाठ करून येतो. त्याचे तोंड तुम्हांला दिसायचे कसे?”

त्या वाक्याने माझी फोटो काढण्याची सारी रीतच बदलली. आपण बंदरावर जातो ते समुद्र पाहायला. किनाऱ्यावर उभे राहतो, तोंड पाण्याकडे करतो, आणि माणसे आपल्याला काळ्या आकृत्या म्हणून दिसतात. कॅलेंडरांवर, घड्याळाच्या दुकानांतल्या तसबिरींवर हेच चित्र वर्षानुवर्षे टांगलेले असते : मावळता सूर्य, काळी होडी, काळा नावाडी. चित्र सुंदर असते यात शंका नाही. पण तो नावाडी कोण, हे त्यात कोणी कुणाला विचारीत नाही.

पुढच्या दिवाळीत मी हर्णैला गेलो तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, कॅमेरा मानेशी धरला, सरळ पाण्यात शिरलो आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो. आता सगळा किनारा माझ्यासमोर होता आणि मावळतीचे ऊन थेट त्याच्या तोंडावर पडले होते. माणसांची एक लांबच लांब रांग, आणि प्रत्येक चेहरा उजळलेला! बायका कपाळावर हात धरून होड्या मोजीत होत्या. एका म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. एक मुलगी काखेतल्या भावाला बोटाने काहीतरी दाखवीत होती. अशा वेळी माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही. तो तुमच्या खांद्यावरून आपल्या होडीकडे बघत असतो. त्या दिवशी मला कळले की बंदर म्हणजे नुसत्या होड्या आणि पाणी नव्हे. होडी गेल्यापासून येईपर्यंत जी माणसे वाट पाहतात, तीही बंदरच. आणि ते बंदर पाहायचे तर समुद्राकडे पाठ करावी लागते.

फोटोचा शोध लागल्यापासून ही अडचण आहे असे दिसते. पॅरिसच्या दागेरने १८३८च्या सुमारास एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्या काळी एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. त्यामुळे चालती माणसे, धावत्या गाड्या सगळ्या पुसून गेल्या. रस्ता ओसाड दिसतो. राहिला फक्त एक माणूस, जो जोडे पुसून घेण्यासाठी एका जागी थांबला होता. पुढे ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५०च्या दशकात समुद्राची मोठी नामांकित चित्रे काढली. पण आभाळ आणि पाणी एका काचेवर नीट उमटेनात, म्हणून तो आभाळाची काच वेगळी आणि समुद्राची वेगळी घेई आणि दोन्ही जोडून एक चित्र करी. आपणही फार मागे नव्हतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक जाणते छायाचित्रकार होते. मुंबईत ससून डॉक बांधून झाली १८७५ साली. म्हणजे कॅमेरा तिच्याआधी वीस वर्षे मुंबईत येऊन बसला होता! पण त्या संथ काळात बंदराचे चित्र घेतले तर टिकायचे काय? नांगरलेले मोठे जहाज आणि दगडी धक्का. वल्हे मारणारा, हमाल, टोपली उचलणारी बाई, ही हलती माणसे धुक्यात जायची. स्थिर राहणे ज्याला परवडते त्याचा फोटो निघतो, असा जुना न्याय आहे.

मग मी आणखी एक नेम केला. काढलेला प्रत्येक फोटो, ज्याचा असेल त्याला पुढच्या खेपेस नेऊन द्यायचा. यात उदारपणा काही नव्हता; त्या सौदेवाल्या बाईनेच हे माझ्याकडून कबूल करून घेतले होते. “शहरातली मानसं येतात, फोटू काढतात, जातात. आमचं तोंड कुठं कुठं फिरतं ते आमाला कुनी सांगत नाय,” असे ती म्हणाली होती. स्टुडिओवाल्याने मास्तरकीला मान देऊन दरात सूट दिली, आणि मी १९८४ सालापासून बुलढाण्याहून हर्णैला फराळाच्या डब्याबरोबर फोटोंची पाकिटे नेऊ लागलो.

आणि मग खरे शिक्षण सुरू झाले. या खेपेस माझे. ज्या नाखव्याच्या होडीचे फोटो मी त्या पहिल्या रोलवर घेतले होते, त्याच्या हातात ते ठेवले. मला वाटले, आता म्हणेल, वा, काय सूर्यास्त आहे! त्याने सूर्यास्ताकडे पाहिलेच नाही. फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, “मासळी बरी लागली होती त्या दिवशी. बघा, होडी किती बुडलीय.” मग म्हणाला, “पानी उतरायला लागलंय. तो खडक उघडा पडलाय.” मग शिडाच्या फुगवट्यावरून वारा कुठला ते सांगितले. मी घेतलेल्या फोटोत एवढे काही आहे, हे मला त्याच्याकडून कळले! शेवटी त्याने फोटो उलटा केला. मागे मी पेन्सिलने होडीचे नाव आणि तारीख लिहिली होती. म्हणाला, “मास्तर, तारखेवरून पानी कळत नाय. तिथी लिवा.” खरेच होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. दर्यावरच्या माणसाचे पंचांग चंद्राच्या हातात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तिथी असते. शाळेच्या हजेरीपटापेक्षा मी तिथे अधिक काटेकोर आहे.

घरी आईला फोटो दाखवले. ती अस्सल वऱ्हाडी शेतकरीण. आधी तिने मला फटकारले होते, “काऊन रे, पाणी पाहाले इतक्या दूर जातेत का? आपल्या विहिरीत नाही का पाणी?” पण समुद्रातली बैलजोडी पाहिली आणि ती गप्प झाली. बराच वेळ बैलांच्या पायांकडे पाहत राहिली. पाय पाण्याखाली होते, दिसत नव्हतेच. मग म्हणाली, “खाऱ्या पाण्यानं खुरं जळत असतीन लेकरायचे. याह्यले पोळा करतेत का तिथं?” पुढच्या खेपेस मी हा प्रश्न त्या गाडीवानाला सांगितला. तो खूप हसला आणि मग एकदम म्हणाला, “आईला सांगा, घरी नेल्यावर रोज गोड्या पान्यानं धुतो.” आईला तो निरोप दिला तेव्हा तिला जो आनंद झाला तो मला सांगता यायचा नाही. समुद्र न पाहिलेली माझी आई आणि बुलढाणा न पाहिलेला तो गाडीवान, यांची ओळख एका चौकोनी कागदावर झाली होती.

अशी वर्षे गेली. क्लिक थ्री गेला, दुसरा कॅमेरा आला. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली आणि माझा कशेडीचा घाट सुटला. खेडला उतरू लागलो. बहिणीने घर बांधले, केस पिकले. हर्णैची मुले मोठी होऊन स्वतः होडीवर गेली. ज्यांना काखेत घेतलेले टिपले होते ते आता वाट पाहणाऱ्यांना हात करू लागले. आणि माझ्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत निगेटिव्हांची पाकिटे साठत गेली. पाकिटावर साल, होडीचे नाव, तिथी. बुलढाण्याची हवा थंड आणि पावसाळा सोडला तर चांगली कोरडी. कोकणात फिल्मला दोन पावसाळ्यांत बुरशी लागते. माझ्या ट्रंकेत कडुनिंबाचा पाला आणि सौभाग्यवतीची कुरकुर यांखेरीज काही शिरले नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची कौले, पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात करोनाची टाळेबंदी. बहिणीचा फोन लागेना. लागला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आम्ही आहोत. छप्पर नाही.”

त्याच महिन्यात इकडे एक चमत्कार घडला. लोणारचे पाणी गुलाबी झाले! खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे ते घडले असे पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले. जगभरच्या वर्तमानपत्रांत आमच्या जिल्ह्याचे चित्र झळकले. शेजारीपाजारी मला म्हणत, “मास्तर, तुम्ही एवढे फोटोवाले, लोणारला नाही जात?” पण मी तेव्हा ट्रंक उघडून बसलो होतो. कारण हर्णैहून एका मुलाचा फोन आला होता.

२००९ साली त्यांच्या घरी दिलेल्या एका फोटोच्या मागे मी माझा मोबाइल नंबर लिहिला होता. भिंतीवरच्या तसबिरी पाण्याने गेल्या. चित्रे कागदावरून ओघळली. पण पेन्सिल पाण्याने जात नाही. मुलगा म्हणाला, “आजोबा, आमची आजी विचारते, तुमच्याकडं आमच्या आजोबांचा काळा फोटो असेल का?”

“काळा फोटो?”

“त्याला घरात सगळे काळा फोटोच म्हणायचे. नाळेवर उभे आहेत, हातात दोर. तोंड दिसत नाही. दुसरा फोटो नव्हताच आजोबांचा. एक कागदपत्रांवरचा होता, तो पण भिजला.”

तो खलाशी १९९७ साली थोड्याशा आजाराने गेला होता. मला ते ठाऊक होते. त्याच्या बायकोला मी चांगला ओळखत होतो. काठावर कपाळावर हात धरून उभी असलेली तिची तीनचार चित्रे माझ्या ट्रंकेत होती, उन्हात उजळलेली. तिच्या घरधन्याचे मात्र ते एकच. पहिल्या रोलमधले, सूर्याला पाठ करून येणारे.

१९८३चे पाकीट सापडले. आश्विन अमावास्येच्या पुढची तिथी, होडीचे नाव, सगळे जागच्या जागी. टाळेबंदीत स्टुडिओ बंद. माझ्या मुलाने खिडकीच्या उजेडावर पांढरा कागद लावला, निगेटिव्ह त्यावर धरली, फोनने टिपली आणि त्या उलट्या चित्राचे सुलटे चित्र करून पाच मिनिटांत हर्णैला पाठवले. संध्याकाळी फोन वाजला. या खेपेस आजीच बोलत होती. रडत नव्हती. एखादा हरवलेला दागिना ओळखून घ्यावा तशा आवाजात म्हणाली, “हेच. डावा पाय पुढं टाकून उभे ऱ्हायचे. लांबून, होडीचं नाव दिसायच्या आधी, मी पायावरून ओळखायची.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तो चौकोन पाहत बसलो. स्टुडिओवाल्याने ज्यात तोंड दिसत नाही म्हणून सांगितले, मी ज्यात सूर्य पाहिला, नाखव्याने ज्यात भरती-ओहोटी पाहिली, त्यातच तिला आपला माणूस लख्ख दिसत होता. वाट पाहणाऱ्यांना होड्या अशाच दिसतात, काळ्या, उन्हाच्या पुढे. आणि त्या काळ्या आकृतीतून आपला कोण हे ओळखण्याची विद्या त्या काठावर आयाबायांनी आयुष्यभर गिरवलेली असते. ज्याचे तोंड मला कधीच टिपता आले नसते, ते तिला पायावरून दिसत होते.

त्यानंतर फोन येत राहिले. कुणाला वडिलांची होडी हवी होती, कुणाला स्वतःचे लहानपण, तर गाडीवानाच्या मुलाला बैल. वर्षभर मुलगा खिडकीला कागद लावीत होता. पुढे बस, गाड्या सुरळीत झाल्यावर मी सगळ्या फोटोंच्या पक्क्या प्रती करून घेतल्या आणि हर्णैला गेलो. बरोबर ते १९८३चे पाकीटही घेतले होते. माझे वय झाले. म्हटले, मूळ निगेटिव्ह ज्याची त्याला द्यावी, म्हणजे जबाबदारी संपली.

आजींच्या घरावर नवे पत्रे आले होते. नातू मोठी प्रत भिंतीवर लावीत होता. खिळा कुठे ठोकायचा यावरून सुनेची आणि त्याची हुज्जत चालली होती. मी पाकीट आजींच्या पुढे ठेवले. त्यांनी ते उघडले नाही. बोटांनी नुसते चाचपले आणि माझ्याकडे परत सरकवले.

“हितं कशाला ठेवता, मास्तर? परत वारा सुटला तर?” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “तुमच्या गावाला समुद्र येत नाय ना?”

“नाही आजी. आमच्याकडे समुद्र येत नाही.”

“मग तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे.”

ते पाकीट मी परत आणले. आता ट्रंकेवर माझ्या मुलाने चिठ्ठी चिकटवली आहे : ‘हर्णैकरांची ठेव’. सौभाग्यवतीने तिच्या जागेबद्दल कुरकुर करणे सोडले असून दर पाडव्याला ती स्वतः निंबाचा पाला बदलते. जिल्ह्यात बंदर नाही म्हणून लोक आम्हांला हसोत बापडे. एका बंदराची माणसे आमच्या घरी कोरडी आहेत.